कॅनडाच्या बाजूने पाहिलात का?

नायगारा पाहून आलेल्या माणसाला पुण्यात कुणी ‘कसा होता?’ असं विचारत नाही. ‘कॅनडाच्या बाजूने पाहिलात का?’ असं विचारतात. आंबे आणले म्हटल्यावर ‘देवगडचे का?’ हा प्रश्न ज्या सुरात येतो, त्याच सुरात. तुम्ही ‘नाही’ म्हणालात की समोरचा ‘असू दे, असू दे’ म्हणतो आणि पावसाचा विषय काढतो.

तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरणाऱ्या आमच्या टोळक्यात सात जणांची मुलं अमेरिकेत. त्यामुळे आम्ही निघायच्या आधी महिनाभर चढताना नायगारा आणि उतरताना गुडघे, असे दोनच विषय होते. सगळ्यांचं एकमत होतं की अमेरिकेकडून धबधब्याची पाठ दिसते, तोंड कॅनडाकडे आहे. ‘अमेरिकेतून बघणं म्हणजे लग्नाला जाऊन मांडवाच्या कनातीमागून नवरदेवाचा फेटा बघून येणं,’ असं एकाने सांगितलं. तो स्वतः दोनदा जाऊन आलेला. दोन्ही वेळा कनातीमागूनच, हे मला पुढे कळलं.

तरी त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. नदी दोन देशांच्या मधून वाहते. घोड्याच्या नालेच्या आकाराचा जो मोठा धबधबा, तो बराचसा कॅनडात. अमेरिकन धबधबा आणि त्याला चिकटलेला चिंचोळा ‘ब्रायडल व्हेल’ हे दोन अमेरिकेचे. पण आपल्या अंगणातलं झाड शेजाऱ्याच्या गच्चीवरून जास्त चांगलं दिसावं, तसे तेही कॅनडातूनच समोरासमोर दिसतात. मध्ये एक पूल आहे, रेनबो ब्रिज नावाचा. १९४१ सालचा, दीड हजार फुटांच्या आतला. फुटपाथ आहे. माझ्या चालीने सात मिनिटं. लक्ष्मी रोडवर विजय टॉकीजपासून बेलबाग चौकात जायला सुट्टीच्या संध्याकाळी याच्या तिप्पट वेळ लागतो.

या सात मिनिटांसाठी आम्ही कागद जमवायला घेतले.

मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली, शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. प्रत्यक्ष पाणी मी फारसं पाहिलं नाही. माझ्या टेबलावर यायचं ते कागदावरचं पाणी: विसर्ग, आवर्तन, पाणीपट्टी, थकबाकी. कागदाला मी घाबरत नाही. उलट लोक माझ्या कागदाला घाबरत. त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलाच्या घरी पोचल्यावर दुसऱ्याच रविवारी जेवणाच्या टेबलावर बैठक बसली, तेव्हा मी चष्मा पुसून, कोरा कागद घेऊन, समास सोडून तयार होतो.

चिरंजीवांनी लॅपटॉप उघडला. ‘बाबा, एक लक्षात घ्या. आपण माणसं पाच आहोत, पण कॅटेगरी चार आहेत.’

पहिली कॅटेगरी टेबलाखाली बसून गाडी खेळत होती. नातू वय वर्षं चार, जन्म न्यू जर्सी, म्हणून अमेरिकन नागरिक. त्याला कॅनडाचा व्हिसा लागत नाही. एवढंच नाही, सोळा वर्षांखालचं अमेरिकन पोर रस्त्याने कॅनडातून परत येत असेल तर त्याला पासपोर्टचीही सक्ती नाही, जन्माचा दाखला चालतो. उजवा बूट कुठला आणि डावा कुठला हे ज्याला अजून सांगावं लागतं, तो आमच्या घरातला एकमेव माणूस जो बिनव्हिसा कधीही उठून परदेशी जाऊ शकत होता.

दुसरी कॅटेगरी सूनबाई. नोकरीचा व्हिसा, एच-वन-बी, पासपोर्टातला शिक्का चालू. शिवाय दोन वर्षांपूर्वी मावसबहिणीच्या लग्नाला मिसिसागाला गेली होती, तेव्हाचा कॅनडाचा व्हिसा अजून जिवंत, आणि तोही कितीही वेळा ये-जा करण्याचा. ‘मी कधीही जाऊ शकते,’ असं ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला निघून गेली. तिच्या चालण्यात तेव्हा किंचित फरक पडला होता असं हिचं म्हणणं आहे. मी त्यावर मत नोंदवत नाही.

तिसरी कॅटेगरी खुद्द चिरंजीव. त्याचाही एच-वन-बीच, पण पासपोर्टातला शिक्का संपलेला. मी घाबरलो. म्हटलं, ‘म्हणजे तू इथे बेकायदा राहतोस?’ तो म्हणाला, ‘नाही बाबा, शिक्का फक्त आत येण्यापुरता. राहण्याचा कागद वेगळा असतो, तो चालू आहे.’ मला ते खात्याच्या भाषेत लावून घ्यावं लागलं. म्हणजे गेटपास संपला आहे, पण हजेरीपटावर नाव आहे. ऑफिसात बसायला हरकत नाही. चहाला बाहेर पडलात तर पहारेकरी परत आत सोडणार नाही.

पण इथे अमेरिकन सरकारने एक मखलाशी केलेली आहे. माणूस फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोला गेला, तीस दिवसांच्या आत परतला आणि त्याची प्रवेशाची नोंद चालू असली, तर संपलेला शिक्का तेवढ्यापुरता चालू धरतात. त्याला ‘ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन’ म्हणतात. मेलेला शिक्का जिवंत मानायचा! मी ते तीनदा वाचून घेतलं. आम्ही पेन्शनर धडधडीत जिवंत असून दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो, आणि इथे मेलेल्यालाही दाखला मागत नाहीत. ‘मग प्रश्न काय?’ मी विचारलं. प्रश्न असा, की ही माया अमेरिकेची, परत येतानाची. जाताना कॅनडा विचारतो, ‘माझा व्हिसा कुठाय?’ तो त्याच्याकडे नव्हता.

चौथ्या कॅटेगरीत आम्ही दोघं. पर्यटक व्हिसा, दहा वर्षांचा. त्यासाठी मुंबईला बांद्रा-कुर्ला संकुलात ताटकळलो, काचेपलीकडच्या बाईंना इस्त्रीच्या शर्टात तीन प्रश्नांची उत्तरं दिली, घरी येऊन पेढे वाटले. माझा समज असा, की ज्याला अमेरिकेने पसंत केलं त्याला कॅनडा काय नापसंत करणार? मोठ्या घरी सोयरीक झाली की धाकट्या पातीचे लोक आपणहून बोलावतात. इथे तसं नाही. २०२३ सालापासून कॅनडाने तेरा देशांना अशी सवलत दिली आहे, की अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर सात डॉलरची ऑनलाइन परवानगी काढा आणि या. यादीत फिलिपिन्स आहे, थायलंड आहे. भारत नाही. सूनबाईच्या ऑफिसातली फिलिपिनो मैत्रीण या सवलतीवर जाऊनही आली. मात्र विमानाने. कारण ही सवलत आकाशातून येणाऱ्यालाच आहे. तोच माणूस गाडीने आला तर त्याला पूर्ण व्हिसा लागतो. असा नियम काढायला फार ज्येष्ठ अधिकारी लागतो. कनिष्ठाला हे सुचणार नाही.

‘आणि मेक्सिको?’ हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

चिरंजीवांनी शोधलं. मेक्सिकोचं म्हणणं सरळ आहे. तुमच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे ना? मग आमचा वेगळा नको, या, १८० दिवसांपर्यंत राहा. म्हणजे उत्तरेकडचा शेजारी आम्हाला सात मिनिटं उभं करायला तयार नाही आणि दक्षिणेकडचा सहा महिने ठेवून घ्यायला तयार. त्यातही गंमत अशी की मेक्सिकोला आम्ही म्हातारे जाऊ शकत होतो, पण मुलगा नाही, कारण त्याचा शिक्का चालू नव्हता. मी कागदावर तक्ता आखला. उभ्या रकान्यात माणसं, आडव्या रकान्यात देश. पाचही माणसं ज्यात बसतील असा रकाना एकच निघाला: एडिसन.

‘मेक्सिकोत धबधबा आहे का?’ हिने विचारलं. असेल म्हटलं. ‘मग?’ ती म्हणाली. तिचं म्हणणं मला तेव्हा पोरकट वाटलं होतं.

टेकडीवरच्या मित्रांनी फोनवरून आणखी पर्याय पुरवले. एकाने सांगितलं, ‘कॅनडाला एक दिवस जाऊन या, अमेरिकेतले तुमचे सहा महिने पुन्हा एकपासून मोजायला लागतात.’ हे साफ खोटं आहे. कॅनडात थोडे दिवस जाऊन आलात तरी पहिल्या वेळी दिलेली तारीखच कायम राहते. सहा महिने म्हणजे काही रिक्षाचं मीटर नाही, पुन्हा पाडायला. दुसऱ्याने सुचवलं, ‘पुलाच्या मध्यापर्यंत जायचं, तिथे दोन्ही झेंडे आहेत, फोटो काढून मागे फिरायचं.’ मागे फिरलं तरी अमेरिकेच्या खिडकीशी कागद काढून उभं राहावंच लागतं आणि कुठून आलात या प्रश्नाला ‘अर्ध्यातून’ असं उत्तर द्यावं लागतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पुण्यात सल्ला देणाऱ्याला कधी परतीचा प्रवास करावा लागत नाही.

राहता राहिला खरा पर्याय: रीतसर अर्ज. चिरंजीवांनी स्वतःपुरता नकार दिला. ‘माझ्या डोक्याला आधीच पुरेसे फॉर्म आहेत, तुम्ही दोघं भरा.’ खर्च माणशी शंभर कॅनेडियन डॉलर, आणि बोटांच्या ठशांचे पंच्याऐंशी. दोघांचे मिळून ३७०. रुपयांत किती ते मी त्या दिवशी हिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

त्यापेक्षा मोठा धोका वेगळाच होता. समजा नकार आला तर? त्यानंतर कुठल्याही देशाचा फॉर्म भरताना एक ओळ आडवी येते: ‘तुम्हाला कधी व्हिसा नाकारला गेला आहे का?’ म्हणजे सेवापुस्तिकेत प्रतिकूल शेरा. चौतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तिकेत तो नव्हता. एका धबधब्यापायी उतारवयात लावून घ्यायचा का, यावर मी दोन रात्री विचार केला. हिने एका वाक्यात निकाल दिला: ‘मुलगी बघायला जाताना नकाराची भीती वाटली होती का तुम्हाला?’ वाटली होती. पण ते बोलण्यात अर्थ नव्हता.

फॉर्मने माझ्यातल्या हेडक्लार्कला पहिल्याच पानावर नमवलं. मी आयुष्यभर लोकांना भरायला दिलेले फॉर्म यापुढे पोस्टकार्ड होते. येण्याचं कारण काय? मी लिहिणार होतो, ‘विसर्गाची प्रत्यक्ष पाहणी.’ चिरंजीवांनी ‘टुरिझम’ केलं. गेल्या दहा वर्षांचा हिशेब द्या. सरकारी पदावर होतात का? होतो! मी पदनाम, विभाग, उपविभाग, बदलीच्या तारखा सांगू लागलो. तो म्हणाला, ‘बाबा, एवढं सांगितलंत तर त्यांना वाटेल तुम्ही पाणी पळवायला येताय.’

मग आला कुटुंबाचा फॉर्म. त्यात आई-वडिलांची माहिती हवी. हयात नसले तरी हवी. जन्मतारीख, जन्मगाव, व्यवसाय, कुठे वारले, कधी वारले. माझे वडील वाई तालुक्यातल्या खेड्यात वारले त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. त्यांनी महाबळेश्वरसुद्धा हौसेने पाहिलेलं नव्हतं, आणि आता ओटावातला कुणी माणूस त्यांचा व्यवसाय वाचणार होता. जन्मतारीख १ जून. कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी त्या काळच्या सगळ्याच पोरांची १ जून लावली. आईचं तर तेवढंही नाही. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ ओसरल्यावर दुसऱ्या दिवाळीत तिचा जन्म, एवढंच घरात ठाऊक. ‘मानमोडीची साथ’ बसेल एवढा रकाना नव्हता आणि तिथे तारीखच हवी होती. हिशेब करून १९२० टाकलं. टाकताना मला उगाच भरून आलं. आईचा वाढदिवस घरात पहिल्यांदाच कुणी विचारला होता, आणि तो कॅनडाने.

ठशांसाठी बोलावणं आलं. कॅनडाच्या कामाचे ठसे अमेरिकेच्या इमिग्रेशन कचेरीत द्यायचे असतात. यात मला काही चुकीचं वाटलं नाही. आमच्याकडेही साताऱ्याचं काम सांगलीला होत असे. चौदाच्या आतल्यांना आणि एकोणऐंशी उलटलेल्यांना ठसे माफ आहेत. मी अडुसष्टचा. तिथल्या मुलीने माझी बोटं काचेवर चार वेळा दाबली, ओल्या कागदाने पुसली, पुन्हा दाबली. फायली उलटून उलटून रेघा झिजल्या होत्या. हिचे ठसे पहिल्या दाबात उमटले. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘भांडी घासली मी, आणि झिजलात तुम्ही.’

मग वाट पाहणं. जुलै गेला. ऑगस्ट निम्मा गेला. मी रोज सकाळी लॅपटॉपवर अर्जाची स्थिती बघायचो आणि रोज तिथे तेच उत्तर असायचं: विचाराधीन. हा शब्द मी स्वतः किती जणांना सांगितला असेल! एका ऊसवाल्या शेतकऱ्याला तर मी सात महिने विचाराधीन ठेवला होता. तो दर सोमवारी यायचा, टोपी काढून बाकावर बसायचा. एडिसनमध्ये मला त्याची टोपी दिसायला लागली.

नातवाची शाळा लेबर डेनंतर सुरू होणार, त्यामुळे ऑगस्टच्या अखेरीस निघालो, व्हिसा न येताच. सात तासांचा रस्ता. शेवटच्या टप्प्यात फोनवरच्या नकाशाने घात केला. धबधब्याच्या दोन्ही अंगांना एकेक गाव आहे आणि दोघांचंही नाव नायगारा फॉल्स. नकाशाने मोठ्या मनाने पलीकडचं निवडलं. ‘कॅनडाला जाण्याआधीचा शेवटचा एक्झिट’ अशी पाटी डोक्यावर आली तेव्हा गाडीत जी शांतता पसरली, तशी मी दहावीच्या निकालाच्या दिवशीच अनुभवली आहे. चिरंजीवांनी गाडी वळवली. मागच्या सीटवरून नातवाने विचारलं, ‘आपण का घाबरलो?’

रात्री हॉटेलात नवा ठराव झाला. सूनबाई आणि नातू यांच्याकडे सगळं आहे, तर त्यांनी तरी पूल ओलांडून यावं. घरातल्या दोघांनी पाहिलं की घराने पाहिलं. पण लहान मूल एकाच पालकाबरोबर सीमेवर आलं तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र जवळ असलेलं बरं, असं कॅनडाचं सांगणं असतं. चिरंजीवांनी फोनवर दोन ओळी टाइप केल्या: माझा मुलगा आईबरोबर येतोय, माझी हरकत नाही.

मी ते वाचलं आणि मला राहवेना. म्हटलं, ‘बाजूला हो.’

दोन महिन्यांत पहिल्यांदाच मला माझं काम सापडलं होतं. हॉटेलच्या कागदावर मी मसुदा केला. विषय: अज्ञान पाल्यास एक दिवसाकरिता कॅनडा देशी जाण्यास संमती देणेबाबत. (कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे वयाने लहान. सूनबाईंना हे समजावून सांगावं लागलं, नाहीतर त्या रात्री वेगळीच सीमा पेटली असती.) संदर्भ: पाल्याचा जन्मदाखला. मजकूर तीन परिच्छेद: कोण, का, कधी परत. खाली सही, तारीख, स्थळ, संपर्क. त्याचं इंग्रजी चिरंजीवांनी केलं, रिसेप्शनवर छापून घेतलं. ‘प्रत माहितीस्तव: आजी’ ही शेवटची ओळ त्याने काढून टाकली. ती ठेवायला हवी होती.

सकाळी दहाला दोघं पुलावर चढले. आम्ही तिघं अलीकडे प्रॉस्पेक्ट पॉइंटच्या कठड्याशी. सूनबाईंनी सांगून ठेवलं होतं, ‘याला लाल जॅकेट घातलंय, लगेच ओळखू येईल.’ वीस-पंचवीस मिनिटांनी फोन आला, पोचलो म्हणून. आम्ही पलीकडे पाहिलं. कॅनडाच्या बोटीवर जाणाऱ्यांना लाल रेनकोट देतात हे कुणाच्या लक्षात नव्हतं. समोरचा अख्खा किनारा लाल होता. हिने पिशवीतली पिवळी शाल काढली आणि सरसकट सगळ्या कॅनडाला हात केला. पलीकडून चार-पाचशे जणांनी उलट हात केला. त्यात आमचा एक असणारच.

अकरा वर्षं या देशात कर भरणारा माझा मुलगा आमच्याबरोबर कठड्याला टेकून उभा होता, आणि त्याचा मुलगा परदेशात फ्रेंच फ्राइज खात होता. चिरंजीव काही बोलला नाही. मीही बोललो नाही. पाण्याचा आवाज होताच.

सीमेवर काय झालं ते सूनबाईंनी परतल्यावर सांगितलं. अधिकाऱ्याने नातवाला प्रेमाने विचारलं, ‘डॅडी कुठे आहेत?’ त्याने नदीपलीकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, ‘डॅडी डझन्ट हॅव पेपर्स.’ अधिकाऱ्याच्या भुवया टोपीत गेल्या. सूनबाईंनी घाईघाईने माझं पत्र पुढे केलं. त्याने ते वाचलं, सूनबाईंकडे पाहिलं, पुन्हा वाचलं, आणि जा म्हणाला. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत दोनदा वाचलं गेलेलं माझं हे पहिलं पत्र.

दुपारी आम्ही सगळे अमेरिकेच्या बोटीतून गेलो. इकडचे रेनकोट निळे. बोट नालेच्या पोटात शिरते तेव्हा वर-खाली-बाजूला सगळं पाणीच होतं. देशांची हद्द नदीच्या पात्रातूनच जाते, पण ती पाण्यावर आखलेली नाही. अशात माझ्या खिशात फोन थरथरला. कोरड्यात आल्यावर पाहिलं तर संदेश होता: कॅनडात आपलं स्वागत आहे, रोमिंगचे दर पुढीलप्रमाणे. पलीकडच्या टॉवरने फोनला ओढून घेतलं होतं. फॉर्म नाही, ठसे नाहीत, वडिलांची जन्मतारीख नाही. पुण्यात नऊ हजारांना घेतलेला फोन बिनव्हिसा जाऊन आला.

संध्याकाळी तिथल्या एका फलकापुढे मी तासभर थांबलो, बाकीचे आइस्क्रीम खायला गेले. माझ्या दृष्टीने खरा नायगारा तो होता. हे पाणी आपल्या मर्जीने पडत नाही! १९५० साली दोन्ही देशांनी करार केलाय. पर्यटनाच्या हंगामात दिवसा किमान एक लाख क्युसेक पाणी धबधब्यावर सोडायचं, रात्री आणि हिवाळ्यात पन्नास हजार. उरलेलं वीज करायला वळवायचं, दोघांनी निम्मं निम्मं. खडकवासल्यातून अठरा-वीस हजार क्युसेक सोडले की आमचा भिडे पूल पाण्याखाली जातो, हा हिशेब मनात घालून पाहा. वरच्या अंगाला दरवाजे आहेत, त्यांनी हे पाणी आवर्तनासारखं कमीजास्त होतं. १९६९ मध्ये तर खडकाची तपासणी करायची म्हणून अमेरिकन धबधबा बांध घालून महिनोन्महिने कोरडा ठेवला होता. कृष्णेच्या पाण्याच्या लवादाचे कागद मी गठ्ठ्यांनी बांधले आहेत. दोन राज्यं काय करतात ते मला ठाऊक आहे. इथे दोन देश वर्षानुवर्षं रोज दरवाजे वर-खाली करताहेत, आणि रात्री धबधबा निम्मा होतो हे बघणाऱ्याला कळतही नाही. अशी नस्ती हाताळायला मिळाली असती तर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली नसती.

घेतली होती, हे आधी सांगायचं राहिलं. चौतीस वर्षांवर. पण तो वेगळा विषय आहे.

एडिसनला परतल्यावर तीन आठवड्यांनी कॅनडाचं पत्र आलं. मंजूर! आता शिक्का चिकटवायला मूळ पासपोर्ट व्हिसा केंद्राला पाठवा. आमचं विमान ६ ऑक्टोबरचं, हातात सोळा दिवस. चिरंजीव म्हणाला, ‘पाठवू, येईल वेळेत.’ मी नाही म्हटलं. मूळ कागद कधीही हातचा सोडायचा नाही, सत्यप्रत द्यायची, हे मी तीन पिढ्यांच्या ज्युनियर क्लार्कांना शिकवलंय. सत्यप्रतीवर व्हिसा चिकटवत नाहीत म्हणाला. तिथे बोलणं खुंटलं.

हिने पत्राची प्रिंट काढून घेतली आणि पासपोर्टच्या पाकिटात घडी करून ठेवली. परवा टेकडीवर नेहमीचा प्रश्न आला, कॅनडाच्या बाजूने पाहिलात का? मी सांगितलं, मंजुरी आली होती, अंमलबजावणी झाली नाही. सरकारी माणसं होती दोघं-तिघं, त्यांना पटलं.

आमचा अमेरिकेचा व्हिसा अजून बरीच वर्षं चालू आहे. त्यावर मेक्सिकोला जाता येतं, आणि ही आता रोज तेच म्हणते. तेव्हा वाचकांपैकी कुणी तिकडे जाणार असेल तर जरूर कळवावं, आम्ही दोघं येऊ. फक्त तिथली जी काही बघण्यासारखी जागा असेल, ती कुठल्या बाजूने जास्त चांगली दिसते, ते आम्हाला आधी सांगू नये.